कांद्याला खेळती हवा लागते, मुलांनाही लागते

माझं माहेर नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यातलं. उन्हाळ कांदा काढून झाला की घरात बाजारभावाआधी कांदा साठवायच्या चाळीची चर्चा व्हायची. चाळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच हवी. बाजूला फटी हव्यात, तळालाही हव्यात. रास पाच फुटांच्या वर जाऊ द्यायची नाही. एक पाखी, म्हणजे एका ओळीची चाळ दक्षिणोत्तर बांधायची, दोन पाखी पूर्व-पश्चिम. नाना मध्येच कधीतरी राशीत कोपरापर्यंत हात घालायचे, आतला एक कांदा काढून गालाला लावायचे. गरम लागला की म्हणायचे, "आत कोंडलंय." मग रात्री का होईना, ती बाजू मोकळी केली जायची. काढलेला कांदासुद्धा श्वास घेतो, ऊब आणि ओल बाहेर सोडतो. ती निघून जायला वाट मिळाली नाही की एका सडक्या कांद्याने अख्खा कप्पा जातो. ही गोष्ट आमच्याकडे शाळेत न गेलेल्या माणसालाही ठाऊक असते.

गेल्या हिवाळ्यात लेकीच्या शाळेने पालकांना एक तास वर्गात बसायला बोलावलं होतं. मी मागच्या बाकावर बसले आणि मला नानांचा तो कांदा आठवला. वर्गात अठ्ठेचाळीस मुलं. खिडक्या सगळ्या बंद, कारण सकाळची थंडी आणि बाहेर रस्ता. ट्यूबलाइट चालू, पंखे बंद. दारातून आत पाऊल टाकताच डब्यांचा, मोज्यांचा, ओलसर स्वेटरचा तो वास आला. दोन मिनिटांत तो जाणवेनासा झाला, कारण नाक सरावतं. पण पर्समध्ये कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र होतं. मी बसले तेव्हा आकडा १९०० होता. तास संपला तेव्हा २६००. तिसऱ्या रांगेत एक मुलगा सतत खोकत होता. बाई त्याला दोनदा म्हणाल्या, "पाणी पिऊन ये बाळा." त्यांची काळजी खरी होती. पण खोकला आणि बंद खिडकी यांचा एकमेकांशी संबंध आहे, हे त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नव्हतं. मलाही दोन वर्षांपूर्वी माहीत नव्हतं.

तर तो २६०० चा आकडा म्हणजे काय, इथून सुरुवात करते.

मोकळ्या हवेच्या दहा लाख भागांत आज साधारण ४२० भाग कार्बन डायऑक्साइड असतो. आपण उच्छ्वासातून जी हवा सोडतो, तिच्यात तो सुमारे ४ टक्के असतो, म्हणजे दहा लाखांत चाळीस हजार भाग. खोलीत माणसं असतील आणि चूल-शेगडी नसेल, तर ४२० च्या वर जे काही चढतं ते कुणाच्या ना कुणाच्या छातीतूनच आलेलं असतं. २६०० मधून ४२० वजा करा आणि चाळीस हजाराने भागा. साडेपाच टक्क्यांच्या जवळ उत्तर येतं. म्हणजे त्या वर्गात प्रत्येक मूल दर अठरा-एकोणीस श्वासांमागे एक पूर्ण श्वास दुसऱ्या कुणीतरी सोडलेल्या हवेचा घेत होतं. आकडा ८०० असता तर हेच प्रमाण शंभरात एक झालं असतं. उष्टं पाणी आपण मुलांना पिऊ देत नाही, बाटलीवर नाव लिहून देतो. हवा उष्टी होते हे डोळ्यांना दिसत नाही, एवढाच काय तो फरक.

एवढ्या प्रमाणात हा वायू स्वतः विषारी नसतो, घाबरून जाऊ नका. डोकं जड होणं, जांभया येणं, शेवटच्या तासाला पेंग येणं या तक्रारी कोंदट वर्गात नेहमीच्या, पण या आकड्याचा खरा उपयोग खूण म्हणून आहे. धूर दिसला की जाळ असणार, तसा आकडा चढला की हवा बदललेली नाही हे कळतं. ही युक्ती जुनी आहे. म्युनिकच्या माक्स फॉन पेटनकोफर यांनी १८५८ मध्येच सांगून ठेवलं होतं की खोलीतल्या कार्बन डायऑक्साइडवरून हवा शिळी झाली की नाही ते ओळखावं, आणि हजारात एक भाग, म्हणजे आजच्या भाषेत १०००, ही मर्यादा मानावी. आता वर्गासाठी ८०० च्या आसपास राहावं असं तज्ज्ञ सांगतात.

आता आजाराकडे येते. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय की सर्दी-खोकला शिंकेच्या थेंबातून पसरतो, म्हणून रुमाल धरा, हात धुवा, अंतर ठेवा. हे खोटं नाही, पण अर्धंच आहे. मोठे थेंब दोन-चार हातांवर खाली पडतात, हे बरोबर. पण बोलताना, मोठ्याने वाचताना, प्रार्थना म्हणताना, नुसता श्वास सोडतानाही तोंडातून इतके बारीक कण निघतात की ते खाली पडतच नाहीत. तरंगत राहतात. स्वयंपाकघरात लाल मिरचीची फोडणी दिली की आतल्या खोलीत अभ्यास करणाऱ्या मुलाला ठसका लागतो. त्याच्या अंगावर मिरचीचा थेंब उडालेला नसतो, तो कढईपासून दोन हातांवर बसलेलाही नसतो. आजाराचे बारीक कण तसेच खोलीभर पसरतात, आणि दार-खिडक्या लावल्या तर घरभर साचून राहतात. फोडणीचा ठसका घालवायला आपण रुमाल धुवत बसतो का? खिडकी उघडतो, एक्झॉस्ट लावतो.

इतकी साधी गोष्ट मान्य व्हायला जगाला फार वेळ लागला. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड हवेतून पसरत नाही असं ठामपणे जाहीर केलं होतं. हवेतून होणारा प्रसार त्यांच्या संकेतस्थळावर स्पष्ट शब्दांत यायला एप्रिल २०२१ चा शेवट उजाडला. तोवर आपल्याकडे दुसऱ्या लाटेत नाशिकच्या रुग्णालयांबाहेर रांगा लागलेल्या होत्या. त्या वर्षभरात आपण भाजी धुतली, दाराच्या कड्या पुसल्या, आणि बंद खोल्यांत एकत्र बसलो. मला याचा राग आहे, आणि तो लपवायचं कारण दिसत नाही.

कारण पुरावे आधीपासून होते, आणि तेही शाळांमधले. विल्यम वेल्स आणि मिल्ड्रेड वेल्स या जोडप्याने १९४१ च्या गोवराच्या साथीत अमेरिकेत फिलाडेल्फिया परिसरातल्या शाळांमध्ये वर्गाच्या वरच्या भागातली हवा अतिनील दिव्यांनी निर्जंतुक करून पाहिली. दिवे असलेल्या वर्गांत साथ कितीतरी कमी पसरली. १९७४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात रॉचेस्टरजवळच्या एका प्राथमिक शाळेत गोवर झालेल्या एकाच मुलीपासून २८ मुलांना लागण झाली, आणि ती मुलं १४ वेगवेगळ्या वर्गांतली होती. बहुतेकांनी तिच्यासोबत वर्गात पाऊलही ठेवलेलं नव्हतं. इमारतीची हवा फिरवणारी यंत्रणा एका वर्गातली हवा उचलून बाकीच्या वर्गांत सोडत होती.

गोवर ही आपल्यासाठी लांबची गोष्ट नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईत गोवंडीला साथ आली तशी आपल्याच जिल्ह्यात मालेगावलाही आली. गोवर झालेलं मूल खोलीतून निघून गेल्यावरही त्याचे विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतात. लस नसलेली दहा मुलं त्याच्या सहवासात आली तर नऊ जणांना तो होतो. म्हणून हवेचं कितीही केलं तरी गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस, पहिला नऊ ते बारा महिन्यांत आणि दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत, याला पर्याय नाही. राहून गेले असतील तर जवळच्या आरोग्य केंद्रात आजही विचारा.

क्षयरोगाचं तर घर आपल्याच देशात आहे, जगातल्या चार रुग्णांपैकी एक भारतातला. तैवानमध्ये तैपेईच्या एका विद्यापीठात क्षयाचा उद्रेक झाला तेव्हा तिथे औषधोपचारांबरोबर वर्गखोल्यांची हवाही सुधारली. ज्या खोल्यांत आकडा ३००० च्या वर जात होता तिथे तो ६०० च्या आसपास आणला. कार्बन डायऑक्साइड १००० च्या खाली ठेवल्याचा संबंध नव्या रुग्णांमध्ये ९७ टक्के घट होण्याशी आहे, असं त्या अभ्यासकांनी मांडलं. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा परत परत वाचला.

आणि हे सगळं नाशिकला नव्याने शिकवावं लागतंय याचं मला खरंच वाईट वाटतं. मुंबईचे लोक हवापालटाला कुठे यायचे? इथेच. देवळालीला सॅनिटोरियमं उभी राहिली ती इथल्या कोरड्या, मोकळ्या हवेसाठी. उंच छत, रुंद व्हरांडे, समोरासमोर खिडक्या. जुन्या नाशकातल्या वाड्यांचा मधला चौक गरम हवा वर ओढून घ्यायचा आणि दारातून गार झुळूक आत यायची. बर्लिनजवळ शार्लोटेनबुर्गला १९०४ मध्ये अशक्त मुलांसाठी झाडीत उघड्यावरची शाळा सुरू झाली, तेव्हा त्यामागेही हीच समज होती. ही समज आपण मध्येच कुठेतरी टाकून दिली.

आता प्रत्यक्षात काय करायचं ते सांगते. आधी दोन गैरसमज, कारण प्रत्येक पालकसभेत तेच पुढे येतात.

"पंखे आहेत ना." छताचा पंखा हवा ढवळतो, बदलत नाही. बंद खोलीत पंखा लावणं म्हणजे उष्टं पाणी चमच्याने हलवणं. दुसरा गैरसमज एसीचा. हल्ली "वातानुकूलित वर्ग" असं माहितीपत्रकात अभिमानाने छापतात आणि त्याची वेगळी फी घेतात. भिंतीवरचा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा आत ओढतो, गार करतो आणि परत सोडतो. बाहेरची हवा तो आणत नाही, आणि गारवा जाऊ नये म्हणून उरलेल्या फटीही बंद केल्या जातात. हवा बदलायची वेगळी सोय नसेल तर असा वर्ग साध्या वर्गापेक्षा वाईट ठरतो.

हवा खरंच बदलते का हे पाहायला यंत्र लागत नाही, एक उदबत्ती पुरते. रिकाम्या वर्गात खिडक्या नेहमी असतात तशा ठेवा, उदबत्ती पेटवून मधल्या बाकाजवळ धरा आणि धूर कुठे जातो ते बघा. मी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये करून पाहिलं. एका बाजूच्या तिन्ही खिडक्या सताड उघड्या होत्या तरी धूर सरळ वर जाऊन छताशी घुटमळत राहिला. मग समोरचं दार उघडलं आणि त्याच्यावरची झडप. धुराची रेघ एकदम वाकडी झाली आणि खिडकीकडून दाराकडे ओढली गेली. वारा आत यायला एक वाट लागते आणि बाहेर जायला दुसरी. कांदाचाळीला दोन्ही बाजूंना फटी असतात त्या याचसाठी.

नाशिकच्या थंडीत खिडक्या कशा उघडायच्या, हा रास्त प्रश्न आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या सत्रात बोटं आखडतात, निफाडला तर पारा एक आकडी होतो. पण थंडीच इथे मदतीला येते. आत मुलांच्या अंगाची ऊब, बाहेर गारठा, त्यामुळे गरम हवा आपोआप वर चढून झडपेतून निघते आणि खालच्या फटीतून ताजी हवा आत येते. म्हणून थंडीत सगळ्या खिडक्या सताड लागत नाहीत. वरच्या झडपा उघड्या आणि खालच्या खिडक्या चार-चार बोटं किलकिल्या ठेवल्या तरी बराच फरक पडतो. मधल्या सुट्टीत मुलं मैदानावर असताना मात्र दहा मिनिटं सगळं उघडून टाकावं. उलट ज्या दिवशी वारा पडलेला असतो आणि आत-बाहेर सारखीच उष्णता असते, तेव्हा खिडकी पुरत नाही. तेव्हा एक्झॉस्ट फॅन लागतो.

हिशेब सोपा आहे. वीस बाय पंचवीस फुटांची, दहा फूट उंच खोली म्हणजे पाच हजार घनफूट, सुमारे १४० घनमीटर. अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने २०२३ मध्ये सांगितलं की खोलीतली हवा तासाला किमान पाच वेळा बदलली जावी असं उद्दिष्ट ठेवावं. म्हणजे ताशी ७०० घनमीटर. पण तो हिशेब खोलीचा झाला. जागतिक आरोग्य संघटना माणशी सेकंदाला दहा लिटर ताजी हवा मागते. अठ्ठेचाळीस मुलांच्या वर्गाला त्या मापाने ताशी सतराशे घनमीटरच्या वर हवा लागते. आपले वर्ग भरगच्च असतात, म्हणून पुस्तकी किमान आकडा आपल्याला अपुरा पडतो, हे पालकांनी लक्षात ठेवावं. एक्झॉस्ट फॅनच्या खोक्यावर तो ताशी किती हवा फेकतो ते लिहिलेलं असतं. तेवढं वाचा आणि दार-खिडकीच्या समोरच्या भिंतीवर बसवा. खिडकीला चिकटून बसवला तर खिडकीतून आलेली हवा तिथल्या तिथे बाहेर जाते आणि मागचे बाक तसेच कोंदट राहतात.

मग सातपूर-अंबडकडच्या किंवा मुंबई नाक्याजवळच्या शाळेने काय करायचं? बाहेरचीच हवा खराब असेल तर? राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात हवेचे निकष न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत नाशिकचं नाव आहे, हे विसरून चालणार नाही. अतिसूक्ष्म धूलिकणांची आपली वार्षिक मर्यादा घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम, तर जागतिक आरोग्य संघटनेची ५. अशा ठिकाणी खिडकीच्या जोडीला गाळणी लागते. हेपा नावाची गाळणी सर्वांत कठीण अशा ०.३ मायक्रॉनच्या कणांपैकीही ९९.९७ टक्के अडवते. ती धूळही धरते आणि आजाराचे तरंगते कणही. महागडं यंत्र परवडत नसेल तर अमेरिकेत २०२० मध्ये रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेन्थल यांनी दाखवलेली रीत आहे. चार बाजूंना चांगल्या प्रतीच्या गाळण्या लावून पेटी करायची, वर पंखा बसवायचा, सांधे चिकटपट्टीने बंद करायचे. विज्ञानाच्या प्रकल्पात आठवी-नववीची मुलं ही पेटी बनवू शकतात. मात्र गाळणी कार्बन डायऑक्साइड अडवत नाही. त्यामुळे ती लावल्यावर यंत्रावरचा आकडा उतरणार नाही, तरी हवा अधिक सुरक्षित झालेली असेल. "आयोनायझर" किंवा ओझोन सोडणारी यंत्रं कुणी विकायला आलं तर सरळ नको म्हणा. ओझोन मुलांच्या फुप्फुसांना त्रास देतो.

डासांच्या जाळीबद्दल एवढंच, ती काढू नका, डेंग्यू खरा आहे. पण धुऊन घ्या. धुळीने बुजलेली जाळी म्हणजे भिंतच.

एक गोष्ट पैशाशिवाय बदलता येते आणि तिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस. वार्षिक संमेलनात टाळ्या वाजतात, प्रमाणपत्र मिळतं, आणि त्या प्रमाणपत्रासाठी ताप अंगावर काढून, सकाळी पॅरासिटामॉल देऊन मुलाला रिक्षात बसवलं जातं. मी हे केलंय. माझ्या मुलीला १०० ताप होता, परीक्षा जवळ होती, आणि मी तिला पाठवलं. त्या आठवड्यात तिच्या बाकावरच्या दोघी आजारी पडल्या. त्या तिच्याचमुळे पडल्या असं सिद्ध करता येणार नाही, पण मला ते विसरता येत नाही. आजारी मूल घरी राहिलं तर त्याचं नुकसान होणार नाही, वहीची पानं मिळतील, चाचणी पुन्हा देता येईल, अशी हमी शाळेने दिली तर पालक मुलांना घरी ठेवतील. ज्या आईबापांची दिवसाची मजुरी बुडते त्यांच्यासाठी हे सोपं नाही, हेही मान्य करायला हवं. तिथे निदान साधा मास्क, खिडकीजवळची जागा आणि कुणी हसणार नाही असं वातावरण एवढं तरी शाळा देऊ शकते.

हात धुणं सोडायचं नाही. जुलाब, हातापायांवर फोड येणारा तो ताप, जंत, हे बरेचदा हातांवाटे पसरतात. साबण हवाच, खिडकीही हवी.

हे मागायचं कुणाकडे? महापालिकेची, जिल्हा परिषदेची किंवा अनुदानित शाळा असेल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण निम्म्या महिला. महापालिका-जिल्हा परिषदेच्या शाळेत शाळा विकास आराखडा करणं हे याच समितीचं काम, अनुदानित शाळेत मात्र ती फक्त सल्ला देते. त्या आराखड्यात "संगणक कक्ष" येतो तसं "प्रत्येक वर्गात समोरासमोर हवेची वाट, दोन एक्झॉस्ट, खिडक्यांची दुरुस्ती" हेही येऊ शकतं. खासगी विनाअनुदानित शाळेत पालक-शिक्षक संघ असतो. तिथे तक्रारीचा सूर लावून गेलात तर दार बंद होतं, हा माझा अनुभव आहे. मी पहिल्यांदा २६०० चा आकडा घेऊन तावातावाने गेले, आणि "इतर कुणाची तक्रार नाही" हे ऐकून परत आले. दुसऱ्यांदा यंत्रच घेऊन गेले आणि मुख्याध्यापिकाबाईंच्या टेबलावर ठेवलं. त्यांच्या केबिनला एकच खिडकी होती आणि आम्ही चौघी होतो. बोलता बोलता आकडा चढत गेला, त्या बघत होत्या. मग त्यांनी स्वतः उठून खिडकी उघडली आणि आकडा उतरतानाही बघितला. त्यानंतर मला फारसं बोलावं लागलं नाही.

यंत्र घ्यायचं तर एकच घ्या, सगळ्या शाळेला पुरतं, आठवड्याला एक वर्ग. काही हजार रुपयांत येतं, पण अवरक्त किरणांनी मोजणारं, म्हणजे एनडीआयआर सेन्सरचं आहे ना ते विचारून घ्या. स्वस्तातली बरीच यंत्रं दुसरंच काही मोजून अंदाजाने आकडा दाखवतात. पारख सोपी आहे: हाताला सॅनिटायझर चोळून जवळ धरा. आकडा उसळला तर यंत्र परत करा.

आमच्या शाळेत मागच्या शनिवारी सुतार आला होता. चौथीच्या वर्गाची डावीकडची खिडकी तीन वेळा रंगवल्याने चौकटीला घट्ट चिकटून बसलेली, बोल्ट गंजलेला. त्याने पटाशीने रंगाचा थर खरवडला, बोल्टवर तेल सोडलं, खालून दोन ठोके दिले. खिडकी करकरत उघडली आणि फळ्याखालची खडूची भुकटी जमिनीवरून सरकत दाराकडे गेली. वर्गशिक्षिका म्हणाल्या, "ताई, ही उघडते हे मला सात वर्षांत माहीत नव्हतं." अजून अकरा खिडक्या बाकी आहेत. यंत्र सोमवारपासून पाचवी ब मध्ये.